खैरात दोन्ही हातांनी

आमच्या पोराला कुणी धक्का दिला, पंचांनी शिट्टी फुंकली आणि पोरगा चेंडू घेऊन रेषेवर जाऊन उभा राहिला, की आमचे सर मैदानाकडे पाठ फिरवायचे. सगळं मैदान त्या पोराकडे बघत असायचं आणि त्याला शिकवणारा माणूस हात मागे बांधून, डोळे मिटून, कडेच्या बाभळीकडे तोंड करून उभा. चेंडू जाळीतून नीट गेला तर त्यांची मान एकदाच हलायची. कड्यावर आपटून बाहेर आला, तर शेरवानीचं गळ्याजवळचं बटण काढून ते पुन्हा लावायचे. तेवढ्यावरून आम्हाला सगळं कळायचं.

एकदा मारोतीनं त्यांना विचारलंच. मारोती आमच्या टीममधला सगळ्यात बुटका, जिंतूरकडचा, घरी मेंढरं. कुणाला काय विचारावं याचा त्याला पोच नव्हता आणि म्हणून आमची पुष्कळ कामं त्याच्यामुळे व्हायची. सर म्हणाले, "मियाँ, खैरात घेणाऱ्याच्या तोंडाकडं बघू नये. त्याचा हात कापतो."

खैरात म्हणजे बास्केटबॉलमधला फ्री थ्रो, धक्का खाल्लेल्याला रेषेवरून मिळणारी मोकळी फेक. त्याची हकीकत अशी, की परभणीला आमचं कॉलेज नवंनवं निघालं तेव्हा खेळाच्या सामानाबरोबर नियमांचं एक इंग्रजी पुस्तक आलं. सरांचं इंग्रजी बेताचं, उर्दू-फारसी मात्र रक्तात. त्यांनी इंग्रजी-उर्दू शब्दकोश काढून 'फ्री' शोधला. पहिला अर्थ निघाला 'आझाद'. पोलीस अ‍ॅक्शन होऊन पाच-सहा वर्षं झाली होती, पण 'आझाद हैदराबाद'च्या आरोळ्या अजून लोकांच्या कानातून गेल्या नव्हत्या. शेरवानी घातलेल्या फारसीच्या मास्तरानं भर मैदानात 'आझाद, आझाद' ओरडावं हे सरांना काही बरं दिसेना. दुसरा अर्थ होता 'मुफ्त'. तो त्यांना हलका वाटला; मुफ्त म्हटलं की पोरं माजतील. मग स्वतःच्या जबाबदारीवर त्यांनी 'खैरात' पक्कं केलं. आम्ही चार वर्षं खैरातच मारली. दुसऱ्या गावच्या पंचांना आम्ही "सर, खैरात किती, एक का दोन?" असं विचारायचो आणि ते आमच्याकडे बघत राहायचे.

सर मूळचे चारठाण्याचे देशस्थ. निजामाच्या राजवटीत फारसी शिकले, फारसी शिकवत राहिले, आणि एक दिवस सगळ्या शाळांची भाषा बदलली. फारसीच्या वर्गात एक विद्यार्थी उरला. तोही वर्ग चुकून. अशा माणसाचं करायचं काय, हा प्रश्न वरच्या लोकांना पडला असणार. त्यांना कॉलेजात घेतलं आणि खेळ दिला. सरांनी आयुष्यात कधी पळून गाडीसुद्धा पकडली नव्हती. डोक्यावरची रुमी टोपी जाऊन काळी टोपी आली, बाकी शेरवानी, छत्री आणि चालणं जुनंच राहिलं.

चेंडूला त्यांनी कधी हात लावला नाही. चामड्याचं सोवळं म्हणावं तर पायातल्या चपला चामड्याच्याच. चेंडू लांब गेला की छत्रीच्या टोकानं ढकलत ते आमच्यापर्यंत आणून द्यायचे. ते स्वतः का फेकून दाखवत नाहीत, यावर आमच्यात लय वाद व्हायचे. मला वाटतं, त्यांना येत नव्हतं एवढंच.

मैदान मुरमाचं. कडं लोहारानं पुस्तकातल्या मापाबरहुकूम करून दिलं. जाळी मिळेना, तेव्हा मारोतीनं बैलाच्या मुसक्यासारखंच, पण मोठं मुसकं विणून आणलं आणि खालून मोकळं ठेवलं. त्यातून चेंडू गेला की सळ्ळ असा आवाज व्हायचा. जाळीचा तसला आवाज मी पुढे कुठेच ऐकला नाही.

गुण लिहायचं काम सर स्वतः करायचे, आणि सवयीप्रमाणे उजवीकडून. आमचे गुण उजव्या बाजूला, समोरच्यांचे डाव्या. एकदा जालन्याला खेळ संपल्यावर आमच्या कप्तानानं तो कागद डावीकडून वाचला आणि आम्ही जिंकलो म्हणून आरोळी दिली. स्टेशनापर्यंत आम्ही नाचत गेलो. सर मागून छत्री टेकत येत होते. गाडीत बसल्यावर त्यांनी सांगितलं की आपण हरलोय. आधी का नाही सांगितलं म्हणून आम्ही चिडलो, तर म्हणाले, पोरं खूश होती, मध्ये पडायचं काही कारण दिसलं नाही.

आता पेंढीचं सांगतो. तेच खरं सांगायचं आहे.

सुरुवातीला आम्ही खैरात मारायचो ती सगळेच मारतात तशी, डोक्यावरून. दहातले तीन-चार जायचे. एका वर्षी कडब्याच्या दिवसांत सर पूर्णेहून परभणीला येत होते. पिंगळीच्या अलीकडे गाडी थांबली, समोरून दुसरी यायची होती. खिडकीतून त्यांना रुळालगतच्या शेतात कडब्याची गंजी रचताना दिसली. वर एक माणूस उभा, खाली एक बाई. बाई पेंढी दोन्ही हातांत धरायची, गुडघ्यांत वाकायची, पेंढी पायांमधून मागे न्यायची आणि खालून वर सोडायची. पेंढी आडवी तरंगत जायची आणि वरच्या माणसाच्या हातांत अलगद पडायची. बाई वर बघतसुद्धा नव्हती; शेजारणीशी बोलणं चालूच. सर गाडीतून उतरले. गाडी गेली. ते दिवस मावळेपर्यंत बांधावर उभे होते आणि मग परभणीपर्यंत चालत आले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हाला रांगेत उभं केलं आणि हे सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, "शंभरावर पेंढ्या मोजल्या मी. एक पडली नाही. मियाँ, पंच खैरात द्यायलाय आन् तुमी ती वरून हिसकून घ्यायलाव. खैरात खालून घ्यायची असती, दोन्ही हातांनी."

मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "तू पिंगळीचाच ना? रुळाजवळचं शेत. ओळखतोस का त्या बाईला?"

मी पिंगळीचा. रोज गाडीनं यायचो. रुळाजवळचं ते शेत आमचं, वरचा माणूस माझा बाप आणि खालची बाई माझी आई. आदल्या संध्याकाळी जेवताना आईनंच सांगितलं होतं, की कुणी शेरवानीवाला दिवसभर बांधावर उभा होता, सरकारी वसुलीचा, लेव्हीचा माणूस असावा, पेंढ्या मोजत होता. बाबा तर कडबा कुठे लपवावा या विचारात झोपले नव्हते. मला मात्र ऐकतानाच कळलं होतं, कोण ते.

मी म्हणालो, "न्हाई सर. कुणी मजुरीण असंल."

असं का बोललो ते आज सांगता येतं. घरात कॉलेजपर्यंत पोचलेला मी पहिला. कडब्याची कुसळं अंगावरून जावीत म्हणून स्टेशनावरच्या नळाखाली दंड घासून मी कॉलेजात शिरायचो. पांढरी अर्धी चड्डी, कॅनव्हासचे बूट, हातात चामड्याचा चेंडू; आणि आता त्या चेंडूनं मी माझ्या आईसारखी पेंढी फेकायची. तेही ठीक. पण आईसारखी फेकतो हे पोरांना कळायला नको होतं.

त्या दिवसापासून आमची तालीम बदलली. सर खिशातून फुटाण्यांची पुडी काढायचे. रेषेवर जायच्या आधी प्रत्येकानं त्यांच्यासमोर ओंजळ करायची, ते फुटाणे टाकायचे, खायचे आणि मग चेंडू उचलायचा. जो एक हात पुढे करील त्याला फुटाणे नाहीत. त्यांचं म्हणणं, हात आधी शिकतात, डोकं मागून येतं. असं फारसीत म्हटलेलं आहे असं ते सांगायचे. त्यांना पटलेलं सगळं फारसीत म्हटलेलं असायचं आणि ते तपासायला परभणीत दुसरं कुणी नव्हतं.

शेतकऱ्यांची पोरं आम्ही. पंधरा दिवसांत सगळ्यांचे हात बसले. मारोती तर डोळे मिटून मारायला लागला. आणि सगळ्यात चांगला नेम कुणाचा होता म्हणाल तर माझा. सहाव्या वर्षापासून आईच्या शेजारी उभा राहून पेंढ्या दिलेल्या. मला वेगळं शिकायचं काय होतं? सर मला म्हणायचे, तू तर पोटातून शिकून आलास. मी खाली बघायचो.

मग सरांनी डाव रचला. आमच्यात उंच कुणी नाही, लांबून नेम कुणाचा नाही. तेव्हा सरळ कड्याखालच्या गर्दीत शिरायचं, धक्के खायचे आणि खैरात मिळवायची. "घरात घुसा, मार खा, खैरात घ्या," एवढंच त्यांचं शास्त्र. मारोती मार खाण्यात पटाईत निघाला. त्या एका डावावर आम्ही नांदेडला जिंकलो, मग जालन्यालाही.

पुढे आम्ही हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात गेलो, घरं जागच्या जागी ठेवून. पुण्याकडचे नवे प्राचार्य आले. माणूस सरळ, कामाचा. त्यांनी एकदा आमची तालीम बघितली आणि सरांना ऑफिसात बोलावलं. दार उघडंच होतं. ते म्हणाले, की कॉलेजची पोरं हे असं पाळण्याला झोका दिल्यासारखं करतात, लोक हसतात, मला पत्रं येतात. औरंगाबादच्या सामन्यात चषक आणलात तर तुमचा पाळणा तुमच्यापाशी आणि खेळही. नाहीतर पुढच्या वर्षी मी खेळाचं रीतसर शिक्षण घेतलेला माणूस आणणार.

सर बाहेर आले. आम्ही सगळे दाराशीच होतो. ते म्हणाले, "ऐकलंत ना? मग फुटाणे खा आन् चला."

त्यांना खेळातलं काही येत नव्हतं, पण खेळाचा तास त्यांना लय प्यारा झाला होता. फारसीचा वर्ग ओस पडल्यापासून त्यांच्याभोवती पोरं अशी नव्हतीच. चार वाजले की ते मैदानावर आमच्या आधी येऊन उभे असायचे, आणि सुट्टीच्या दिवशी रिकाम्या मैदानाला एक चक्कर मारून जायचे. हे जाणार म्हणजे काय जाणार, ते आम्हाला बरोबर कळलं होतं. मला तर जास्तच.

औरंगाबादचं मैदान सिमेंटचं, भोवती माणसांची भिंत. मारोती पहिली खैरात मारायला उभा राहिला, गुडघ्यांत वाकला, हात पायांमध्ये गेले आणि कुणीतरी सूर धरला, "जो जो". मग सगळं मैदान अंगाई गायला लागलं. मारोतीनं दोन्ही घातले आणि गाणाऱ्यांना वाकून रामराम केला. आमच्या प्रत्येक खैरातीला अंगाई व्हायची आणि चेंडू जाळीतून जायचा. सर पाठ करून उभे, मान हलतेय. मध्यंतराला आम्ही चार गुणांनी पुढे होतो.

मी मात्र त्या दिवशी घरात घुसलोच नाही. लांबलांबून खेळत राहिलो. मला कुणी धक्का देऊ नये आणि रेषेवर उभं राहायची पाळी येऊ नये, एवढीच माझी धडपड. समोरची पोरं इस्त्रीच्या कपड्यांतली. त्यांच्यातला एक जण मघाशी मारोतीला हसत विचारून गेला होता, "हे तुमच्याकडे आया शिकवतात का?" मारोती म्हणाला, "आमच्याकडं बोकड शिकवतंय," आणि पुढे पळाला. मला ते जमण्यासारखं नव्हतं.

शेवटची मिनिटं आली तेव्हा आम्ही एका गुणानं मागे होतो. चेंडू नेमका माझ्याकडे आला, पुढं मोकळं दिसलं, मी शिरलो आणि त्यांच्या उंच गड्यानं मला आडवा पाडला. शिट्टी. दोन खैराती. वेळ संपल्यातच जमा होती.

रेषेवर उभा राहिलो. एक घातला तर बरोबरी, दोन घातले तर चषक. दोन्ही मी झोपेत घालू शकत होतो. लोक अंगाईसाठी श्वास ओढून तयार होते. मला कड्याजवळ तो इस्त्रीवाला दिसला, आणि त्याच्या पलीकडे सरांची पाठ. पाठ बघून माझ्या मनात आलं ते सांगायला आजही लाज वाटते. मनात आलं, सर बघत नाहीत.

मी चेंडू डोक्यावर नेला आणि एका हातानं, समोरच्या पोरांसारखा मारला. कड्यावर आपटून बाहेर आला. सरांचा हात बटणाकडे गेला.

दुसऱ्या वेळी तरी खालून मारायचा. पण पहिला वरून मारल्यावर दुसरा खालून मारणं म्हणजे पहिला चुकला हे सगळ्यांसमोर कबूल करणं. वय अठरा. मी दुसराही वरून मारला. तो कड्यालासुद्धा लागला नाही.

परतीची गाडी सुटली. सरांनी पुडी काढली आणि एकेकाच्या ओंजळीत फुटाणे टाकत माझ्यापर्यंत आले. मी एक हात पुढे केला. ते थांबून राहिले. मग मी दुसराही हात जोडला, तेव्हा फुटाणे पडले.

शेजारी बसून हळू आवाजात त्यांनी विचारलं, "दोन्ही वरून मारलेस ना?"

मी म्हणालो, "तुमची तर पाठ होती, सर."

"पाठ होती म्हणूनच कळलं. लोक गायले नाहीत."

ते रागावले नाहीत. रागावले असते तर मी त्याच वेळी सगळं सांगून मोकळा झालो असतो. त्यांनी टोपी मांडीवर ठेवली आणि परभणीपर्यंत डुलक्या घेतल्या.

प्राचार्यांनी शब्द पाळला. जूनमध्ये गळ्यात शिट्टी घातलेले नवे गुरुजी आले, चांगले होते, त्यांनी आम्हाला डोक्यावरून मारायला शिकवलं आणि आमचे पुन्हा दहातले चार जायला लागले. सरांची रवानगी कचेरीच्या दप्तरखान्यात झाली. निजामाच्या वेळचे सगळे कागद उर्दूत, आणि आता ते वाचणारा माणूस हवा होता. मी महिनाभर तिकडे फिरकलो नाही. शेवटी मारोती मला ओढून घेऊन गेला. बघतो तर सर दप्तरांच्या ढिगात बसलेले, पुढे खेड्यापाड्यांतली माणसं कागद घेऊन उभी, आणि सर एकेकाला त्याच्या आज्याचं नाव वाचून दाखवताहेत. आज्याचं नाव ऐकून माणसं हरखायची. कागद घेताना कुणी एक हात पुढे केला तर सर कागद सोडायचे नाहीत. मारोती हसून हसून बेजार. सरही खुशीत होते. मला बरं वाटलं, पण माझं ते तसंच राहिलं होतं.

दोन वर्षांनी मी त्यांना पिंगळीला बोलावलं. आमच्या जमिनीचा एक जुना उर्दू कागद बाबांना वाचून हवा होता, हे निमित्त. कागद मला कचेरीतही नेता आला असता. पण मी त्यांना बोलावलं, आणि मुद्दाम कडब्याच्या दिवसांत बोलावलं. गाडीतून उतरलात की सरळ शेतात या, असं सांगून ठेवलं.

त्या दिवशी बाबांना खाली बसवून गंजीवर मी चढलो होतो. आई खालून पेंढ्या देत होती. गाडी येऊन गेली आणि थोड्या वेळानं बांधावर छत्री दिसली, मग काळी टोपी. सर आले आणि आधी उभे राहिले होते त्याच जागी उभे राहिले. आईनं हातातली पेंढी खाली ठेवली, पदर सारखा केला आणि त्यांना नीट न्याहाळलं.

"मागं येकदा दिवसभर हितं हुबं ऱ्हायलेले तुमीच का?" ती म्हणाली. "आमी लय भ्यालो होतो बगा. म्हनलं लेव्हीवाला हाय."

सर हसले. मग त्यांनी वर माझ्याकडे बघितलं, पुन्हा आईकडे, पुन्हा माझ्याकडे.

मी वरून म्हणालो, "सर, मजुरीण न्हाई. ही माझी आई हाय."

पुढचं सांगायचं होतं, औरंगाबादचं, पण त्याऐवजी मी पेंढीसाठी दोन्ही हात पुढे केले. सरांनी छत्री बांधाला टेकवली, हात मागे बांधले आणि आमच्याकडे पाठ करून रुळांकडे तोंड फिरवलं.

आई घाबरली. "काय झालं रं मास्तरला? म्या काय वावगं बोलले का?"

"न्हाई. ते असंच हुबे ऱ्हात्यात," मी म्हणालो. "तू दे पेंढी."

आई गुडघ्यांत वाकली. पेंढी आडवी तरंगत वर आली आणि मी ती दोन्ही हातांनी घेतली. बांधावर सरांची मान एकदा हलली.